शिकारीची पहिली रायफल : निवड आणि उत्तरदायित्व

अमेरिकेत शरद ऋतूचे वेध लागले, की बंदुकांच्या दुकानांत एक ठरावीक प्रश्न विचारला जाऊ लागतो. विचारणारा बहुधा नवखा असतो. हरणाच्या, एल्कच्या किंवा मूसच्या शिकारीचा परवाना त्याने प्रथमच काढलेला असतो आणि मोठ्या जनावरासाठी आपली पहिली रायफल कोणती असावी, तिचे कॅलिबर कोणते असावे, हे त्याला जाणून घ्यायचे असते. उत्तरादाखल त्याच्यावर आकड्यांचा वर्षाव होतो. दुकानदार एक आकडा सांगतो, मामा दुसरा, आणि शिकारीच्या मासिकातला जुना जाणता लेखक तिसराच. ज्या देशात हौशी शिकार कायद्याने केव्हाच बंद झाली, त्या देशातील वाचकाला ही सारी चर्चा दूरची, किंबहुना काहीशी अप्रिय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. ज्याला जनावर मारण्याची मुभा समाज देतो, त्याच्याकडून त्याआधी समाजाने काय मागावे? हा दुसरा प्रश्न मात्र आपल्यालाही टाळता येणार नाही. कारण आपल्याकडेही मारण्याच्या परवानग्या दिल्या जातात. त्यांना आपण शिकार म्हणत नाही, एवढेच.

प्रथम त्या आकड्यांविषयी. कॅलिबर म्हणजे स्थूलमानाने रायफलीच्या नळीचा आतील व्यास. इंग्रजी पद्धतीत तो इंचाच्या अंशात आणि युरोपीय पद्धतीत मिलिमीटरमध्ये सांगतात. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे .३०३ इंच. अमेरिकेतील सर्वांत विख्यात काडतूस ‘थर्टी-नॉट-सिक्स’ या नावाने ओळखले जाते. त्यातला ३० हा व्यास असून ०६ हे १९०६ हे साल आहे. म्हणजे या नावांमध्ये काही गणित, काही इतिहास आणि बरीचशी कारखानदारांची लहर असते. केवळ व्यासावरून गोळीचे सामर्थ्य कळत नाही. गोळीचे वजन किती, तिच्यामागे दारू किती, ती किती वेगाने सुटते आणि जनावराच्या अंगात शिरल्यावर तिचे काय होते, या सर्वांचा हिशेब करावा लागतो. शाळेत शिकविलेले गतिज ऊर्जेचे सूत्र येथेही लागू पडते. वस्तुमान दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. या सूत्राच्या उत्तरार्धावर अमेरिकेतील एका संपूर्ण व्यवसायाची भरभराट झाली आहे.

तेथील शिकारी वाङ्मयात या विषयावर एक जुना आणि गमतीचा वाद होऊन गेला. जॅक ओकॉनर हा ‘आउटडोअर लाइफ’ या मासिकाचा नामवंत लेखक १९२५ साली निघालेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसाचा कैवारी होता. हलकी गोळी, मोठा वेग आणि अचूक नेम ही त्याची त्रिसूत्री. त्याच्या उलट एल्मर कीथ. मोठ्या जनावराला मोठ्या व्यासाची, जड गोळीच हवी, बाकी सारे पोरखेळ, असा त्याचा आग्रह. दोघेही कसलेले शिकारी आणि दोघांच्याही बाजूला अनुभवाचे दाखले. आपल्याकडील वाङ्मयीन वादांप्रमाणे हाही वाद निकालात निघाला नाही, त्यावर दोन पिढ्यांच्या चहापानाची सोय मात्र झाली. तथापि या वादातील एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही. हे दोघेही गृहस्थ आयुष्यभर रोज गोळ्या झाडणारे होते. त्यांच्या हातात कोणतीही रायफल दिली असती, तरी जनावर पडले असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘मॅग्नम’ या विशेषणाचा सुकाळ झाला. रॉय वेदरबी याने अतिवेगवान काडतुसांचा ध्यास घेतला, १९५६ साली .४५८ विंचेस्टर मॅग्नम निघाले, १९६३ साली .३०० विंचेस्टर मॅग्नम आले. गिऱ्हाइकाला अधिक सामर्थ्य हवे होते आणि कारखान्यांना नवा माल खपवायचा होता. पन्नास-साठ मीटरवरून हरीण मारणाऱ्या माणसाने अस्वलासाठी बनविलेली रायफल विकत घ्यावी, यात त्या बाजाराला काही विपरीत वाटेना. रायफल ही हौसेची वस्तू झाली, की तिच्या निवडीत प्रतिष्ठेचा शिरकाव होतो. मनगटावरच्या घड्याळाचे जे होते, तेच हिचेही.

परंतु घड्याळ खांद्याला धक्का देत नाही. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम. .२४३ विंचेस्टर या हलक्या काडतुसाच्या तुलनेत थर्टी-नॉट-सिक्सचा धक्का जवळजवळ दुप्पट असतो. आफ्रिकेतील मोठ्या जनावरांसाठी १९१२ साली निघालेल्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडचा त्याच्याही जवळजवळ दुप्पट. दोन-चार वेळा असा तडाखा खाल्ला, की शरीर तो लक्षात ठेवते. मग पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या नेमक्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नळी तसूभर खाली जाते. छडी खाण्यासाठी पुढे केलेला हात विद्यार्थी ऐन वेळी मागे घेतो, तसाच हा प्रकार. आणि विद्यार्थ्याप्रमाणेच त्या माणसालाही आपण हात मागे घेतला हे कळत नाही. बंदुकीच्या तोंडाशी झालेली तसूभर चूक शंभर मीटरवर वीतभर किंवा त्याहूनही अधिक होते. हरणाच्या छातीतील हृदय-फुप्फुसांची जागा जेवणाच्या ताटलीएवढी. वीतभर चुकलेली गोळी पोटात शिरते किंवा जबडा फोडते. ते जनावर पळून जाते आणि कुठेतरी झुडपात, कित्येक तासांनी किंवा दिवसांनी मरते. शिकारी घरी परततो तो ‘नेम हुकला’ असे समजून.

म्हणून त्या नवख्याला द्यावयाचे प्रामाणिक उत्तर बाजाराच्या नेमके उलट आहे. आपल्याला न घाबरता झाडता येईल असे, जनावराला पुरेसे आणि त्याहून फारसे अधिक नसलेले काडतूस निवडावे. हरणाच्या वर्गातील जनावरांसाठी १९५२ सालचे .३०८ विंचेस्टर, जर्मनीत गेल्या शतकाच्याही आधी बनविलेले ७ × ५७ माउझर, किंवा स्वीडन-नॉर्वेच्या सैन्याचे १८९४ सालचे ६.५ × ५५, यांतील कोणतेही एक पुरते. थर्टी-नॉट-सिक्स ही नवशिक्याची वरची मर्यादा समजावी. दस्ता आपल्या हाताच्या लांबीला बेताचा असावा, चाप हलक्या हाताने सुटावा, आणि काडतुसे गावच्या दुकानात सहज व स्वस्त मिळावीत. शेवटची अट किरकोळ भासते, पण माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. महागडी रायफल घेऊन वर्षाला दहा गोळ्या झाडणाऱ्यापेक्षा साधी रायफल घेऊन दोनशे झाडणारा जनावरावर अधिक दया करीत असतो. स्कँडिनेव्हियातील शिकारी चारशे-पाचशे किलोंचा मूस त्या जुन्या ६.५ मिलिमीटरच्या लांबट, जड गोळीने पिढ्यान्‌पिढ्या मारीत आले आहेत, हे मॅग्नमच्या भक्तांना कोणीतरी सांगावयास हवे.

या मुद्द्याचे टोकाचे उदाहरण म्हणजे वॉल्टर बेल. ‘करामोजो’ बेल या नावाने प्रसिद्ध असलेल्या या स्कॉटिश माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुतांश वर उल्लेखिलेल्या ७ मिलिमीटरच्या लहानशा रायफलीने. त्या हिंसेचे कौतुक आज कोणी करू नये. हस्तिदंताच्या व्यापाराचा तो एक काळाकुट्ट अध्याय आहे. मात्र त्याची रीत पाहण्यासारखी आहे. मेलेल्या हत्तींची डोकी कापून त्याने मेंदूची जागा नेमकी कोठे असते, याचा अभ्यास केला होता. प्रत्येक कोनातून तेथे पोहोचणारी रेषा त्याला पाठ होती. त्याचे अनुकरण करू पाहणाऱ्यांना ती रेषा ठाऊक नव्हती. पुढे आफ्रिकेतील अनेक प्रदेशांनी हत्ती, रानरेडा अशा धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही किमान मर्यादा कायद्याने घातली ती उगाच नव्हे. सामान्य माणूस बेल नसतो, हे कायद्याने धरून चालावे लागते.

अज्ञान आणि शस्त्र यांची गाठ पडली की काय होते, हे जॉर्ज ऑर्वेलच्या १९३६ सालच्या ‘शूटिंग अॅन एलिफंट’ या निबंधात आहे. महाविद्यालयांत तो पुष्कळ वेळा शिकविला जातो, तो साम्राज्यशाहीवरील भाष्य म्हणून. ते योग्यच. परंतु एकदा तो निव्वळ नेमबाजीच्या अंगाने वाचून पाहावा. मोलमेन येथील तो तरुण पोलीस अधिकारी आधी हातात घेतो ती जुनी .४४ विंचेस्टर हत्तीला फारच अपुरी असते. मग तो हत्तीला साजेशी जर्मन रायफल मागवतो. शस्त्र आता योग्य आहे. पण गोळी कानाच्या रोखाने मारावयाची असते हे त्याला माहीत नाही. तो कपाळाच्या बाजूला नेम धरतो. हत्ती कोसळतो, पण मरत नाही, आणि गोळ्यांमागून गोळ्या झाडूनही त्याचे प्राण जायला अर्धा तास लागल्याचे निवेदकाला नंतर कळते. हजारोंचा जमाव पाहतो आहे, मागे फिरणे अशक्य आहे आणि हातातली रायफल उत्तम आहे! त्या प्रसंगातील सारी क्रूरता ही उत्तम रायफल आणि अडाणी हात यांच्यामधल्या अंतरात साठलेली आहे.

जिम कॉर्बेटची कथा याच्या शेजारी ठेवण्यासारखी. ४३६ माणसांचे बळी घेतलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या मागे तो १९०७ साली गेला, तेव्हा त्याच्यापाशी .५०० व्यासाची जड रायफल होती आणि काडतुसे अवघी तीन. ती संपली तेव्हा वाघीण जखमी अवस्थेत समोर उभी होती. त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनाट बंदूक आणली आणि तिने काम संपविले. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला जी रायफल भेट दिली ती .२७५ रिग्बी, म्हणजे तेच ७ मिलिमीटर माउझर. पुढील आयुष्यात कॉर्बेटने जड दुनळी रायफल वापरली तशी ही हलकीही वापरली. मूळ कारखान्याने २०१५ साली ती पुन्हा मिळविली आणि २०१६ साली ती भारतात दाखविण्यासाठी आणली गेली. कुमाऊँच्या डोंगरात दिवसभर पायी फिरणाऱ्याला हलकी रायफल का आवडावी, हे सांगायला शस्त्रतज्ज्ञ लागत नाही.

रायफलीचे एवढे कवित्व चालते, गोळीविषयी मात्र कोणी बोलत नाही. वस्तुतः मारते ती गोळी. आणि येथे इतिहासाने एक विलक्षण विसंगती मांडून ठेवली आहे, तिचा उगम आपल्याच देशात आहे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात टोकाशी मऊ शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. सरहद्दीवरील टोळ्यांना साधी, धातूच्या पूर्ण आवरणाची गोळी आरपार जाऊनही थांबवू शकत नाही, अशी ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती. ही नवी गोळी अंगात शिरली की फुलते आणि मोठी जखम करते. १८९९ साली हेग येथील परिषदेने अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. ‘डमडम’ हा शब्द तेव्हापासून क्रौर्याचा पर्याय होऊन बसला. आता गंमत पाहा. युरोप-अमेरिकेतील शिकारीच्या कायद्यांत हरणासाठी बऱ्याच ठिकाणी नेमकी हीच फुलणारी गोळी सक्तीची आहे, आणि लष्करी पद्धतीची पूर्ण आवरणाची गोळी निषिद्ध! जी माणसाला मारण्यास अमानुष, ती जनावराला मारण्यास आवश्यक कशी? उत्तर सरळ आहे. युद्धात सैनिक जायबंदी झाला तरी हेतू साधतो. त्याला उचलून नेणारे, औषधपाणी करणारे कोणीतरी असते. रानातल्या जखमी जनावरामागे कोणी येत नाही. त्याच्या बाबतीत त्वरित मरण हीच शक्य असलेली एकमेव दया. आवरणाची गोळी त्याच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते आणि त्याला हळूहळू मरायला सोडून देते.

अलीकडे लांब पल्ल्याचे नवे खूळ निघाले आहे. २००७ साली बाजारात आलेले ६.५ क्रीडमूर हे उत्तम काडतूस, उत्तम दुर्बिणी, अंतर मोजणारी यंत्रे, आणि सहाशे-आठशे मीटरवरून हरीण पाडल्याच्या फुशारक्या. सहाशे मीटर जायला गोळीला पाऊण ते एक सेकंद लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल पुढे टाकते. याला शिकार म्हणण्यापेक्षा जिवंत लक्ष्यावर केलेला जुगार म्हणणे उचित.

आता कायदा काय मागतो ते पाहू. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात हरीण-एल्कसाठी नळीचा व्यास किमान .२४ इंच आणि शंभर यार्डांवर गोळीची ऊर्जा किमान १००० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १३५६ ज्यूल, असावी लागते. १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना शिकारीचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे आहे. जर्मनीत लहानशा रो-हरणासाठी शंभर मीटरवर १००० ज्यूल, आणि रानडुकरासह इतर खुरवाल्या शिकारीसाठी किमान ६.५ मिलिमीटर व २००० ज्यूल अशी अट आहे. तेथील शिकारीची परीक्षा इतकी कठीण की लोक तिला थट्टेने ‘हिरवी शालान्त’ म्हणतात. परंतु मला सर्वांत विचारात टाकले ते नॉर्वेच्या नियमांनी. तेथे मोठ्या जनावरासाठी गोळी फुलणारी आणि किमान ९ ग्रॅमची हवी. ९ ते १० ग्रॅमच्या गोळीला शंभर मीटरवर २७०० ज्यूल, त्याहून जड गोळीला २२०० ज्यूल. इथपर्यंत हे जर्मनीसारखेच. पण नॉर्वेचा कायदा तेथे थांबत नाही. शिकाऱ्याने दर वर्षी, हंगामापूर्वी, ज्या रायफलीने शिकार करणार त्याच रायफलीने तीस सरावाच्या गोळ्या झाडावयाच्या आणि मग शंभर मीटरवरील जनावराच्या आकृतीवर पाच. पाचही गोळ्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडल्या पाहिजेत. एक बाहेर गेली तर परीक्षा पुन्हा. गतवर्षीचे प्रमाणपत्र यंदा चालत नाही. शिवाय जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असणे बंधनकारक. शस्त्राबरोबरच कायदा येथे हाताचीही परीक्षा घेतो, आणि हात चुकला तर काय करावयाचे याचीही तजवीज करून ठेवतो.

गोळीच्या निवडीला आणखी एक पदर आहे. शिशाची गोळी हरणाच्या अंगात फुटते आणि तिचे बारीक कण मांसात व आतड्यांत पसरतात. शिकारी आतडी रानात टाकून जातो, ती गिधाडे खातात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा प्रचंड पक्षी १९८२ साली जगात अवघा २२ उरला होता. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत शिशाची विषबाधा हे एक प्रमुख कारण ठरले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्णतः बंद केल्या. तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीहून लांब असते व फुलण्यासाठी तिला अधिक वेग लागतो, म्हणजे कॅलिबरचा हिशेब पुन्हा बदलतो. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे संपत आली आणि २००६ साली त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर बंद करावा लागला, हे स्मरणात असेल तर ही गोष्ट परकी वाटणार नाही.

एवढे सगळे मराठी वाचकाला कशासाठी, तर ते असे. १९७२च्या आपल्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याने होणाऱ्या शिकारीला जागा होती. ‘मोठी शिकार’ असा जनावरांचा वर्गच त्यात केलेला होता. शिकारीवरील निर्बंध सांगणाऱ्या कलमात असे होते, की मोठे जनावर रायफलीनेच मारावे. छऱ्याची बंदूक वापरावयाची तर खास परवानगी घ्यावी आणि तिच्यात एकच सबंध गोळी घालावी. म्हणजे शस्त्र जनावराला साजेसे हवे, हे तत्त्व आपल्या संसदेला तेव्हा मान्य होते. १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकार बंद झाली, ती योग्यच झाली. तिच्याबरोबर ही कलमेही गेली. ‘शिकारच नाही तर शिकारीचे नियम कशाला’ असा तर्क त्यामागे असणार. पण अकरावे कलम राहिले. माणसाच्या जिवाला धोकादायक झालेले किंवा उभ्या पिकाची नासधूस करणारे जनावर मारण्याची परवानगी त्याखाली देता येते. ती लेखी असावी, सकारण असावी, असे कायदा म्हणतो. कोणत्या शस्त्राने, कोणत्या गोळीने, कोणत्या कसोटीला उतरलेल्या हाताने, याविषयी त्या कलमात चकार शब्द नाही.

याचा परिणाम डोळ्यांनी पाहिलेला आहे. डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांना उपद्रवी ठरविले. जून २०१६मध्ये मोकामा येथे बाहेरून बोलाविलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. वादाचा विषय ‘मारावे की न मारावे’ एवढाच होता, कसे मारावे हा नव्हता. मग सप्टेंबर २०१९मध्ये त्याच राज्यातील वैशाली जिल्ह्यातून एक चित्रफीत बाहेर आली. त्यात जखमी पण जिवंत असलेली नीलगाय यंत्राने खड्ड्यात लोटून वरून माती टाकली जात होती. सुटलेल्या गोळीने ज्याचे मरण पुरे केले नाही, त्याचे काय करायचे हे कोणी ठरविलेलेच नव्हते.

या विषयाची चर्चाच नको, ती केल्याने हत्येला प्रतिष्ठा मिळते, असे म्हणणारा एक सज्जन वर्ग आपल्याकडे आहे. त्याच्या भावनेचा आदर करूनही म्हणावेसे वाटते, की चर्चा न केल्याने जनावर वाचत नाही. ज्याच्या भुईमुगाचे शेत एका रात्रीत रानडुकरे नांगरून जातात, त्या शेतकऱ्याला उपदेश पुरत नाही. परवानगी मिळाली नाही किंवा वेळेवर मिळाली नाही, तर कोठे कुंपणात विजेचा प्रवाह सोडला जातो, कोठे खाद्यात स्फोटके दडविली जातात. मे २०२०मध्ये केरळात पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण अशाच स्फोटकाने तोंड फाटून, नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. तो सापळा रानडुकरांसाठी होता असे सांगितले गेले. विदर्भात विजेच्या तारांनी वाघ गेलेले आहेत. स्वच्छ साधनाविषयी बोलणे अशोभनीय ठरविले, की अस्वच्छ साधने आपोआप रूढ होतात.

आणि परवानगी मिळाली तरी हातात असते काय? परवानाधारक शेतकऱ्याकडे सहसा बारा बोअरची जुनी बंदूक असते, ती पीकरक्षणासाठी आवाज करायला ठीक. क्वचित कोणाकडे सरकारी कारखान्यातील .३१५ रायफल. ब्रिटिशांनी आपल्या लष्कराची काडतुसे रयतेच्या हाती पडू नयेत म्हणून जी वेगळी कॅलिबरे पुढे आणली, त्यांपैकी हे एक. स्वातंत्र्यानंतरही ते चालू राहिले. रानडुकरासाठी ते पुरेसे आहे, हे त्याचे नशीब आणि आपलेही. छऱ्यांनी मात्र रानडुक्कर मरत नाही. ते जखमी होते, उसात शिरते, आणि दुसऱ्या दिवशी तेथे पाचट काढायला गेलेल्या बाईवर धावून येते. जखमी रानडुकराचा माग काढणारा कुत्रा किंवा माणूस त्या तालुक्यात आहे की नाही, हे परवानगी देणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नाही.

सुधारणा फार मोठी नको. परवानगीच्या आदेशात शस्त्राचे कॅलिबर आणि गोळीचा प्रकार नमूद व्हावा. छरे वर्ज्य असावेत. ज्याला परवानगी द्यावयाची, त्याने त्या वर्षी वनाधिकाऱ्यासमोर पाच गोळ्या झाडून दाखवाव्यात. आपल्या रानातील अंतरे लक्षात घेता शंभर मीटर नकोत, पन्नास पुरेत, पण वर्तुळ तेच ३० सेंटिमीटरचे असावे. ज्याच्या पाच गोळ्या बसत नाहीत त्याच्या वतीने वनखात्याच्या प्रशिक्षित माणसाने जावे. जखमी जनावराचा शोध घेण्याची जबाबदारी आदेशातच नावानिशी कोणावर तरी टाकलेली असावी, आणि शोध संपल्याचा अहवाल तितकाच आवश्यक मानावा जितका मारल्याचा.

यात एकच व्यावहारिक अडचण येईल. शस्त्रपरवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील याची संख्या लिहिलेली असते, आणि ती सरावाला पुरेल अशी क्वचितच असते. तेव्हा सरावाची तीस आणि परीक्षेची पाच काडतुसे त्या संख्येतून वगळावी लागतील, ती वनखात्याने जागेवर मोजून द्यावीत आणि रिकामी टरफले परत मोजून घ्यावीत. एका हंगामात एका गावाला जी पीकनुकसानीची भरपाई द्यावी लागते, तिच्या मानाने हा खर्च किरकोळ ठरावा.